युरोपीय संघाच्या नागरिकाच्या जोडीदाराचे निवास कार्ड

युरोपीय संघातील एका देशाचा नागरिक संघातल्याच दुसऱ्या देशात राहत असेल, तर त्याच्या बिगर-युरोपीय पतीला वा पत्नीला तिथल्या सरकारकडून मिळणारे कार्ड. याचा कायदेशीर आधार म्हणजे संघाचा २९ एप्रिल २००४ चा निर्देश, क्रमांक २००४/३८. कार्डाची तरतूद त्याच्या दहाव्या कलमात आहे. ऑगस्ट २०२१ पासून दिल्या जाणाऱ्या कार्डांवर या कलमाचा आणि निर्देशाचा उल्लेख छापलेला असतो, त्यामुळे साध्या निवास परवान्यापासून हे कार्ड वेगळे ओळखू येते.

हा परवाना नव्हे, हे आधी समजून घेतलेले बरे. राहण्याचा आणि नोकरी-धंदा करण्याचा हक्क विवाहामुळे व निर्देशामुळे मिळतो. कार्ड त्या हक्काचा पुरावा आहे. म्हणून उशिरा अर्ज केला तर दंड होऊ शकतो, पण हक्क जात नाही. केवळ कार्ड नाही म्हणून देशाबाहेरही काढता येत नाही. घरमालक आणि कंपनीचा मनुष्यबळ विभाग मात्र कार्डच मागतात, त्यामुळे व्यवहारात ते असल्यावाचून पान हलत नाही.

सर्वाधिक गोंधळ पात्रतेबाबत होतो. समजा, पुण्याच्या एका मुलीने इटालियन माणसाशी लग्न केले आणि दोघे बर्लिनमध्ये राहतात. तिला हे कार्ड मिळते आणि जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही. तिच्याच मैत्रिणीचा नवरा जर्मन असेल आणि तीही बर्लिनलाच राहत असेल, तर तिला जर्मनीचा देशी कायदा लागू होतो आणि साधारणपणे व्हिसाच्या आधीच ए-१ या प्राथमिक पातळीची जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागते. जर्मन माणसाच्या बायकोला इटालियनाच्या बायकोपेक्षा जर्मनीत जास्त अटी, हे ऐकायला विचित्र वाटते; पण हा निर्देश देश बदलणाऱ्या नागरिकासाठी आहे, आपल्याच देशात राहणाऱ्यासाठी नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर, गेलेल्या भारतीय अभियंत्याच्या पत्नीचा या कार्डाशी संबंध नाही. तिचा मार्ग वेगळा.

नागरिक मायदेशी परतला तर काय, याचे उत्तर एका भारतीयाच्या खटल्यातून मिळाले. सुरिंदर सिंग यांनी १९८२ मध्ये ब्रॅडफर्डला एका ब्रिटिश महिलेशी लग्न केले. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि धंदा सुरू करण्यासाठी ते ब्रिटनला परतले. पुढे, तेव्हा सदस्य देश असलेल्या ब्रिटनने सिंग यांना हद्दपार करायचे ठरवले. युरोपीय न्यायालयाने ७ जुलै १९९२ रोजी निकाल दिला : दुसऱ्या सदस्य देशात काम करून परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला मायदेशातही युरोपीय कायद्याचे संरक्षण मिळते. परदेशातला तो मुक्काम खराखुरा हवा, शनिवार-रविवारच्या फेऱ्या चालणार नाहीत, हे २०१४ च्या निकालाने स्पष्ट केले. आयर्लंडमधल्या मेटॉक खटल्यात (२००८) न्यायालयाने आणखी एक अट मोडीत काढली. जोडीदार आधी दुसऱ्या सदस्य देशात कायदेशीर राहिलेला असलाच पाहिजे, असे नाही. २०१८ च्या कोमन निकालानुसार, एखाद्या सदस्य देशात रीतसर झालेला समलिंगी विवाह या हक्कापुरता सर्व सदस्य देशांना मानावा लागतो.

प्रवेशासाठी व्हिसा लागलाच तर तो विनाशुल्क आणि जलद द्यावा, असे निर्देश सांगतो. पहिले तीन महिने वैध पासपोर्टवर राहता येते. त्यापुढे राहायचे असेल तर कार्डासाठी अर्ज. सोबत पासपोर्ट, विवाहाचा दाखला आणि नागरिक जोडीदाराच्या नोंदणीचा किंवा वास्तव्याचा पुरावा लागतो. नागरिक नोकरी किंवा व्यवसाय करत असेल तर किमान उत्पन्नाची अट नाही. नसेल, तर निर्वाहाची साधने आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. अर्जाची पोच तात्काळ आणि कार्ड सहा महिन्यांच्या आत द्यायचे असते. शुल्क स्थानिकांच्या तत्सम दाखल्यापेक्षा जास्त असता कामा नये. सहा महिन्यांची मुदत सरसकट पाळली जाते असे नाही, आणि ती उलटली म्हणून कार्ड आपोआप मिळत नाही, असे न्यायालयानेच २०१८ मध्ये म्हटले आहे. पोच जपून ठेवावी ती यासाठी.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांचे घोडे बहुधा विवाहाच्या दाखल्यापाशी अडते. मंदिराची पावती, पत्रिका आणि अल्बम यांना पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. महापालिका किंवा ग्रामपंचायतीचा नोंदणी दाखला हवा. त्यावर आधी राज्य पातळीवरचे प्रमाणीकरण, मग बहुतेक देशांसाठी परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार परदेशात मानला जाणारा शिक्का (भारतात हा करार २००५ पासून लागू आहे) आणि बहुधा त्या देशाच्या मान्यताप्राप्त अनुवादकाकडून भाषांतर. दाखल्यावर माहेरचे नाव, पासपोर्टवर सासरचे, मधले नाव एकीकडे वडिलांचे तर दुसरीकडे नवऱ्याचे : आपल्याकडे यात कुणाला काही वावगे वाटत नाही, पण तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बाया दिसतात. नाव बदलले असल्यास राजपत्राची प्रत भारतातून निघण्यापूर्वीच सोबत घ्यावी. तिकडून ती मागवणे भारी कटकटीचे असते.

गोव्यात या विषयाला वेगळाच इतिहास आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. तो पासपोर्ट घेऊन अनेक गोंयकार ब्रिटनमध्ये स्विंडन, साउथॉलकडे गेले आणि भारतीय पासपोर्टवरच्या जोडीदारासाठी असेच कार्ड काढू लागले. ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि ब्रिटनमध्ये हा मार्ग नव्याने येणाऱ्यांसाठी बंद झाला. पोर्तुगालचा २००६ चा कायदा मात्र उदार आहे. स्वतःच्या नागरिकांच्या कुटुंबीयांनाही तो हेच नियम लावतो. त्यासाठी गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलेले लग्न पोर्तुगालच्या दप्तरातही चढवावे लागते. ते राहिले, तर दोन मुलांचा बापही तिकडे कागदोपत्री अविवाहितच.

कार्ड पाच वर्षांसाठी असते. वर्षातून एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिले तरी चालते. बाळंतपण, गंभीर आजार, शिक्षण अशा कारणांसाठी एकदा सलग बारा महिने. घटस्फोट झाला तरी, विवाह किमान तीन वर्षे टिकलेला असून त्यातले एक वर्ष त्या देशात गेलेले असेल, तर हक्क राहू शकतो. घरगुती हिंसाचारासारख्या परिस्थितीत ही तीन वर्षांची अटही आड येत नाही. केवळ कागदासाठी केलेले लग्न उघडकीस आले, तर हक्क नाकारता किंवा काढून घेता येतो. पाच वर्षे सलग कायदेशीर वास्तव्य झाल्यावर कायम निवासाचा हक्क मिळतो. त्याचे कार्ड दहा वर्षांचे असते आणि तो हक्क देशाबाहेर सलग दोन वर्षांहून अधिक राहिल्यासच जातो.