हॉर्न मुका, एअरबॅगचा दिवा चालू

आमचे दाजी सेकंडहँड गाडी घेऊन परभणी-नांदेड ये-जा करतात. दर शनिवारी बंपरला लिंबू-मिरची बदलायला विसरत नाहीत, पण मीटरवर एअरबॅगचा दिवा दोन महिने जळत होता त्याचं त्यांना काही नाही. एका मिस्त्रीला दाखवलं तर तो म्हणाला, "साहेब, लाईट लागायली तर लागू द्या की, गाडी पळायलीय ना? म्हणत असाल तर ऑइलच्या लाईटीला जोडून देतो, मग आपोआप विझंल."

लोकांना वाटतं दिवा लागला म्हणजे एअरबॅग कधीपण फुटणार. उलट आहे, दिवा लागला म्हणजे वेळेला ती फुगेलच याची खात्री राहिली नाही.

मला यातली सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट म्हणजे दोन ओहम. बॅगच्या मागं एक छोटा इग्नायटर असतो, त्यात केसापेक्षा बारीक तार, तिचा रोध साधारण २ ओहम. धडक बसली की कंट्रोल युनिट त्या तारेतून सव्वा अँपिअरच्या आसपास करंट फक्त २ मिलिसेकंद सोडतं, तार तापते, दारू पेटते आणि वायू तयार होऊन साधारण ३० मिलिसेकंदात बॅग फुगते. पण बाकीची सगळी वर्षं तेच युनिट त्याच दोन वायरींतून अगदी किरकोळ, मिलिअँपिअरमधला करंट सोडून विचारत राहतं, आहेस का, आहेस का. शाळेतला ओहमचा नियम, व्होल्टेज भागिले करंट. उत्तर २ च्या आसपास आलं तर ठीक, ५-६ आलं की दिवा. म्हणजे सीटखालच्या पिवळ्या प्लगमधे आपल्याकडची उन्हाळ्यातली बारीक धूळ बसली, किंवा वॉशिंगवाल्यानं सीट काढताना प्लग ढिला केला, तेवढंही पुरतं.

दाजींच्या गाडीत खरी खूण हॉर्ननं दिली. स्टेअरिंग डावीकडं वळवलं की वाजायचा, सरळ केलं की मुका. स्टेअरिंग तर गोल फिरतं, मग वायर तुटत का नाही? आत एक चपटी डबी असते, क्लॉक स्प्रिंग, काहीजण स्पायरल केबल म्हणतात. तिच्यात तांब्याच्या पट्ट्या असलेली लांब प्लास्टिक फीत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली, स्टेअरिंगबरोबर ती उलगडते आणि आवळते. जुन्या गाड्यांत हॉर्नला पितळी चकती आणि घासणारा ब्रश असायचा, हॉर्न जरा खरखरला तरी चालतं, पण ओहम मोजणाऱ्या सर्किटला तसला घासता काँटॅक्ट चालत नाही म्हणून ही फीत. वर्षानुवर्षं वाकून तिचं तांबं चिरतं. हॉर्न आणि ड्रायव्हरची एअरबॅग दोन्ही तिच्यातूनच जातात, म्हणून दोघं एकदम आजारी.

आता मल्टिमीटर किंवा टेस्टलॅम्प (वायरी जोडलेला साधा बल्ब) घेऊन थेट बॅगला लावू नका, हात जोडून सांगतो. ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो, इग्नायटरचे २ ओहम मधे धरले तरी जवळपास १.३५ उरतात, आणि थंड फिलामेंट सुरुवातीला याहून जास्त ओढतं. बॅग तोंडावर फुटायला पुरे.

दुसऱ्या गॅरेजमधल्या पोरानं नीट केलं. बॅटरीची निगेटिव्ह काढली, कंट्रोल युनिटमधला वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर रिकामा व्हायला मॅन्युअलमधे लिहिलेली तेवढी मिनिटं थांबला, मग स्टेअरिंगमधल्या बॅगचा पिवळा प्लग सोडवला. तो सुटला की आतली छोटी पत्ती बॅगच्या दोन्ही टोकांना आपोआप शॉर्ट करते, म्हणजे भटका करंट आत शिरत नाही, मला तर ती पत्ती फार आवडते. बॅगच्या जागी २ ओहमचा रेझिस्टर जोडून गाडीतल्या युनिटनं नोंदवलेला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला, तरी कोड एकच, रोध जास्त. म्हणजे बॅग निर्दोष, फीत खराब. नवी डबी चाकं सरळ ठेवून, मधोमध सेंटर करूनच बसवली, नाहीतर पूर्ण वळणावर एका बाजूला फीत ताणून तुटते.

जाताजाता, दाजींनी डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती बरोबर पुढच्या सीटच्या एअरबॅगच्या झाकणावर होता. बॅग उघडली असती तर बाप्पा थेट ताईच्या तोंडावर. आता तो घरच्या देव्हाऱ्यात आहे.

आणि सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन चालू न करता नुसती चावी ऑन करा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून स्वतःहून विझायला पाहिजे. लागलाच नाही तर बल्ब गेलाय किंवा कुणीतरी काढलाय. आणि इंजिन सुरू होईस्तोवर जळत राहून ऑइलच्या दिव्याबरोबर एकदमच विझला, तर समजा आमच्या पहिल्या मिस्त्रीचा हात लागलाय.