जुन्या गाडीच्या डॅशबोर्डमधली १८० मिलिमीटरची खाच

सेकंडहँड सँट्रो, झेन किंवा पहिल्या पिढीची स्विफ्ट घरी आली, सर्व्हिसिंग आणि टायर झाले, की कुणीतरी म्हणतंच, "आता जरा म्युझिक सिस्टिमचं बघा." दुकानातला पोरगा डॅशबोर्डची चौकट काढतो आणि मागून वायरींचा झुबका ओढून बाहेर घेतो. इन्सुलेशन टेप गुंडाळलेले जोड, कुठल्या तरी जुन्या अँपला, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणाऱ्या अँप्लिफायरला, जाणारी निळी वायर, मध्येच लोंबणारा फ्यूज. आधीच्या प्रत्येक मालकाने इथे काहीतरी करून ठेवलेलं असतं. एवढं असूनही याच गाड्यांत नवा सेट बसवणं आजच्या कोऱ्या गाडीपेक्षा सोपं जातं. त्याची कारणं बरीच मागे जाऊन शोधावी लागतात.

गाडीत रेडिओ बसवणं सुरुवातीला जवळपास वेडेपणाच होता. तेव्हाच्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, रेडिओला शंभराहून अधिक व्होल्ट लागत आणि गाडीची बॅटरी होती ६ व्होल्टची. म्हणून जादा बॅटऱ्या सीटखाली किंवा फरशीखाली ठेवत. इंजिनाच्या ठिणग्यांचा खरखराट वेगळाच. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली हे सगळं बऱ्यापैकी काबूत आणून एक सेट बाजारात आणला आणि त्याला नाव दिलं 'मोटोरोला'. पुढे कंपनीचंही तेच नाव झालं. जर्मनीत ब्लाउपुंक्टचा पहिला कार रेडिओ १९३२ साली आला. ट्रान्झिस्टर आल्यावर उष्णता, वजन आणि विजेची भूक एकदम कमी झाली. १९५५ साली क्रायस्लर आणि फिल्को यांनी एकही व्हॉल्व्ह नसलेला कार रेडिओ विकायला काढला, किंमत १५० डॉलर. त्याच क्रायस्लरने पुढच्याच वर्षी चालत्या गाडीत रेकॉर्ड वाजवणारा प्लेअर दिला. तो फार काळ टिकला नाही, याचं कुणाला नवल वाटू नये. एट-ट्रॅक नावाची टेप आली आणि गेली. टिकली ती फिलिप्सची १९६३ सालची कॅसेट.

आपल्याकडे गोष्ट निराळ्या रस्त्याने गेली. रेडिओ घरातला असो की गाडीतला, पोस्टातून परवाना काढून वर्षाला फी भरावी लागे. ही पद्धत १९८०च्या दशकात बंद झाली. परदेशी वस्तूंच्या आयातीवर इतकी बंधनं होती, की चांगला जपानी कॅसेट डेक सरळ दुकानात जाऊन घेणं हा प्रकारच नव्हता. तो यायचा आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या किंवा मेहुण्याच्या बॅगेतून, बोटीवर काम करणाऱ्या कुणाकडून, नाहीतर मुंबईत हाजीअलीच्या हिरा-पन्नासारख्या 'फॉरेन' मालाच्या बाजारातून. रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक घरांत पहिला पायोनियर किंवा सोनी असाच आला. बसवणारा मिस्त्री मॅन्युअल वाचत नसे. बऱ्याचदा मॅन्युअल नसायचंच. वायर कापायची, ताणून बघायची, जिथे आवाज येईल तिथे जोडायची.

स्पीकर कुठे बसवायचे हे मात्र गाडीनेच ठरवून टाकलं होतं. अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली फियाट, दोन्ही डिकीच्या गाड्या. मागच्या काचेखालच्या ट्रेला दोन भोकं पाडायची आणि ६ बाय ९ इंची ओव्हल स्पीकर ठोकायचे. यात एक शास्त्र नकळत साधलं जात होतं. स्पीकरचा कागद पुढे ढकलला जातो तेव्हा मागच्या बाजूला नेमकी उलटी लाट तयार होते. या दोन लाटा एकमेकींत मिसळल्या तर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. बंद डिकी मागची लाट अडवून धरायची, म्हणून साध्या ओव्हल स्पीकरांतूनही ढोलकी भरदार वाजायची. ऐंशीच्या दशकातल्या स्वस्त कॅसेटींनी बाकीचं काम केलं. लोकगीतं, कव्वाली, भक्तिगीतं घरात जितकी ऐकली गेली तितकीच टॅक्सीत, ट्रकमध्ये आणि वडाप जीपमध्ये.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे गणित बिघडलं. ही हॅचबॅक. डिकी वेगळी नाही, मागचा ट्रे हलका, काढता-घालता येणारा. त्यावर तेच ओव्हल स्पीकर बसवले की ट्रे थरथरायचा आणि बास, म्हणजे ते खालचे स्वर, गायब व्हायचे. लोकांनी त्यावर आपापले उपाय काढले. आधी ट्रेवर ठेवायचे डबा स्पीकर आले. मागच्या काचेतून त्यांचे लाल दिवे ब्रेकबरोबर लागायचे. मग आली बासट्यूब. पिंपासारख्या नळकांड्यात दहा-बारा इंची वूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, बसवलेली ही वस्तू दोन पट्ट्यांनी मागे बांधली, की गाडीत नसलेली बंद जागा तिच्यासकट विकत मिळायची. नव्वदच्या आणि दोन हजारच्या दशकांत तिची जी चलती झाली ती नुसत्या तरुणाईच्या हौसेपोटी नव्हती. देशातल्या बहुतेक छोट्या गाड्यांचा आकारच तिला जागा करून देत होता. त्यातल्या अनेक ट्यूब धडधडायच्या जास्त आणि वाजायच्या कमी, हेही खरं.

आता सेट बसतो त्या डॅशबोर्डमधल्या खाचेकडे येऊ. जर्मन डीआयएन मानकाने गाडीतल्या रेडिओसाठी एक माप ठरवलं: रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०. पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. जपानी कंपन्यांनी त्याच्या दुप्पट उंचीचं, १०० मिलिमीटरचं माप रूढ केलं, त्याला बाजारात डबल डिन म्हणतात. गाडी कोरियन, सेट जपानी, बसवणारा पुण्यात नाना पेठेतला, तरी सगळं एकमेकांत बसतं ते या मापामुळे. चोरांनाही त्याचा तितकाच फायदा झाला. कुठल्याही गाडीतून उपटलेला सेट दुसऱ्या कुठल्याही गाडीत जायचा. म्हणून आधी हँडल धरून अख्खा बाहेर ओढायचा सेट आला, नंतर समोरची पट्टी काढून खिशात घालायची सोय. ती पट्टी सांभाळण्यात एका पिढीची उमेद गेली.

आपल्याकडच्या वायरींच्या गुंत्याला आणखी एक कारण आहे. दोन हजारच्या दशकातही छोट्या गाड्यांची खालची मॉडेलं सर्रास म्युझिक सिस्टिमशिवाय विकली जात. खाचेवर प्लॅस्टिकचं झाकण, आत नुसती वायरिंग. सेट ही ॲक्सेसरी, म्हणजे शोरूममध्ये घासाघीस करून पदरात पाडून घ्यायची किंवा बाहेरून स्वस्तात बसवायची वस्तू. जोडणीसाठी युरोपीय गाड्यांत ठरावीक कपलर असत, काळा विजेचा आणि तपकिरी स्पीकरचा. जपानी आणि कोरियन गाड्यांचे कपलर आपापले. मधला जोड देणारी वायर बाजारात मिळायची, पण ती आणायला जाण्यापेक्षा कपलर छाटून वायरी पिळणं झटपट व्हायचं. कॅसेट गेली, सीडी आली, मग यूएसबी, मग ब्लूटूथ. दर वेळी एक नवा जोड. आज जुन्या गाडीत पैसे घालणाऱ्याने पहिला खर्च स्पीकरवर न करता या वायरी साफ करून घेण्यावर करावा असं माझं ठाम मत आहे. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ती बारीक शिट्टी बहुतेकदा वाईट अर्थिंगमुळे येते. महागड्या स्पीकरवर ती उलट जास्त स्वच्छ ऐकू येते.

खोक्यावरच्या '५० वॅट × ४' या आकड्याचीही पार्श्वभूमी आहे. इंजिन चालू असताना गाडीत मिळतात साधारण १४.४ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा. व्होल्टचा वर्ग करून ओहमने भागा, ५२ येतात. हा झाला आवाज पूर्ण फाटेपर्यंत सेट ओढल्यावरचा आकडा. स्वच्छ सुरांसाठी त्याच्या निम्मेच म्हणजे २६ वॅट तत्त्वतः शक्य, प्रत्यक्षात १८ ते २२. कोणत्याही कंपनीचा लोगो लावला तरी हे गणित बदलत नाही. यापुढे जायचं तर आधी व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वेगळा अँप तेच करतो. अमेरिकेत जिम फॉसगेट यांनी १९७३च्या सुमारास असे अँप बनवायला सुरुवात केली. त्यासाठी बॅटरीपासून जाड वायर आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज लागतो. आपल्याकडच्या जुन्या जोडण्यांत नेमका हा फ्यूज गाळलेला सापडतो. तो नसेल, तर वायर कुठे घासली की आगीची भीती.

जुन्या गाडीच्या दारांत मात्र अजून वाव असतो. मूळ स्पीकर कागदी, चुंबक चिमुकलं, दाराचा पत्रा पातळ आणि भोकांनी भरलेला. तीच पुढची-मागची लाट इथेही घोळ घालते. दाराच्या पत्र्यावर डांबरी-रबरी शीट चिकटवून ती भोकं बंद केली, स्पीकरखाली घट्ट रिंग दिली आणि खाली येणारी काच चुंबकाला अडत नाही एवढं मोजून घेतलं, की मध्यम किमतीची जोडीही चकित करते.

नव्या गाड्यांत ही मोकळीक उरलेली नाही. मधला पडदा आता एसी, पार्किंग कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंगशी डेटा वायरींनी बांधलेला असतो. काही महागड्या जर्मन गाड्यांत तर आवाजही ऑप्टिकल फायबरमधून फिरतो. मूळ पडदा काढला की गाडीची निम्मी कामं अडतात. त्यामुळे मूळ सेट तसाच ठेवून त्याच्या पुढे आवाज जुळवून घेणारा प्रोसेसर आणि अँप जोडण्याकडे दुकानदारांचा कल असतो, आणि बिल त्या प्रमाणात वाढतं. पंधरा वर्षांच्या वॅगन-आरमध्ये अजूनही चार स्क्रू काढले की काम सुरू होतं.