बीआरसीए-१ला सांगतं कोण?

२०१३ साली अँजेलिना जोलीने दोन्ही स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं आणि 'तिच्यात कॅन्सरचं जनुक निघालं' हे वाक्य आपल्याकडेही कानावर पडू लागलं. ते जनुक म्हणजे बीआरसीए-१. अहो, ते निघायचं काय, ते असतंच! तुमच्यात, माझ्यात, पुरुषांतसुद्धा, सतराव्या गुणसूत्रावर. तुटलेला डीएनए सांधणं हे त्याचं काम. धोका असतो तो त्याची बिघडलेली प्रत वारशाने आली तर. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिक कारण सापडतं ते साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत.

पण कुठे तुटलंय हे बीआरसीए-१ला कुणीतरी कळवावं लागतं, आणि खरी गंमत तिथेच आहे.

डीएनएचे दोन्ही धागे एकाच जागी तुटले की एटीएम नावाचं विकर (एन्झाइम) जागं होतं. एरवी त्याचे रेणू जोडीजोडीने निष्क्रिय असतात. आता जोडी फुटते आणि एटीएम आजूबाजूच्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवत सुटतं. डीएनए ज्या हिस्टोनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतल्या एच२एएक्सच्या १३९व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो. एमडीसी-१ हे प्रथिन ती खूण ओळखून तिथे येतं, आणखी एटीएम ओढून आणतं, मग पुढच्या हिस्टोनवर खूण, त्याच्या पुढच्यावर खूण... एका तुटीभोवती लाखो बेसजोड्यांपर्यंत हे पसरतं. चमकणारी प्रतिपिंडं वापरली तर सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकातले हे ठिपके चक्क मोजता येतात. त्याच वेळी सीएचके-२ आणि पी-५३ या प्रथिनांमार्फत पेशीचं विभाजन थांबवलं जातं.

ठिपक्यापाशी आता दोन प्रतिस्पर्धी प्रथिनं येतात. ५३बीपी-१चा आग्रह, टोकं आहेत तशी जोडा. बीआरसीए-१चा आग्रह, टोकं आधी कुरतडा आणि जुळ्या प्रतीवरून बघून नीट लिहा. जुळी प्रत डीएनएची नक्कल झाल्यावरच हाताशी असते. म्हणून त्या सुमारास पेशीविभाजनाचं वेळापत्रक सांभाळणारी सीडीके विकरं सीटीआयपी या कुरतडायला मदत करणाऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसवून कुरतडायची परवानगी देतात. मग पीएएलबी-२, बीआरसीए-२ ही प्रथिनं येतात आणि शेवटी उघड्या धाग्यावर, जुळी प्रत शोधणाऱ्या आरएडी-५१ची रांग. (ही नावं ठेवणाऱ्यांचा मलाही राग येतो.)

'डीएनए रिपेअर' छापलेल्या कॅप्सूल विकणाऱ्यांना विचारा, त्या यातल्या कुठल्या पायरीवर काम करतात!

ओलापॅरिब या कर्करोगावरच्या औषधाकडे उत्तर आहे. ते पार्प या डीएनएच्या दुरुस्तीतल्याच दुसऱ्या विकराला डीएनएवरच अडकवतं. नक्कल होताना तिथे धागे तुटतात आणि बीआरसीए पुरतं गमावलेल्या गाठीतल्या पेशी ते सांधू न शकल्याने मरतात. वारशाने बीआरसीए बिघडलेल्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत ते स्तनाच्या कर्करोगावर जानेवारी २०१८मध्ये मंजूर झालं. बीआरसीए शाबूत असलेल्या गाठींचं काय? पीआय३के हा वाढीचा संदेशमार्ग अडवला की काही ट्रिपल निगेटिव्ह (नेहमीचे तीन ग्राहक नसलेल्या स्तनाच्या) गाठींत बीआरसीए-१चं प्रमाण घटतं आणि ओलापॅरिबसारखं पार्परोधक त्यांनाही लागू पडतं, असं २०१२मध्ये उंदरांत वाढवलेल्या गाठींवर दिसलं.

गाठीही स्वस्थ बसत नाहीत. प्रयोगांत काही पेशी ५३बीपी-१च टाकून देतात. प्रतिस्पर्धीच उरला नाही की बीआरसीए-१शिवायही टोकं कुरतडली जातात, दुरुस्ती पुन्हा सुरू होते आणि औषध लागू पडेनासं होतं.