छिछडे काढू नका

रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा आटोपून बाबा मटण घेऊन यायचे. मटण म्हणजे बीफ; आमच्याकडे त्यालाही मटणच म्हणतात. मुंबईतल्या कलिन्याच्या गावठाणातलं आमचं घर. स्वयंपाकघर एवढंसं, पण टोप चांगला दहा माणसांचा. पिशवीतून निघायचा गडद लाल, जवळजवळ जांभळट तुकडा, त्यावर पांढरीशुभ्र चरबी आणि मधूनमधून चंदेरी, चिवट पापुद्रे. खाटीक त्यांना छिछडे म्हणतो आणि तोलता तोलता विचारतो, "निकाल दूँ क्या?" आई बाबांना निघतानाच बजावायची, "छिछडे काढायला सांगू नका हं. रस्सा त्यांच्यातच असतो."

आई विज्ञान शिकलेली नव्हती. पण तिचं ते वाक्य प्रयोगशाळेतही टिकेल, आणि ते का टिकतं हे मला सविस्तर सांगायचं आहे. कारण हे मटण चिवट झालं म्हणून हळहळणारी घरं मी बरीच पाहिली आहेत, आणि बहुतेक वेळा दोष मटणाचा नसतो.

मुंबईत घरोघरी बीफ म्हणून जे शिजतं ते म्हशीचं किंवा रेड्याचं. १९७६च्या प्राणी संरक्षण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाल्यापासून राज्यात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. म्हैस-रेडा त्यात येत नाहीत. स्वयंपाकाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. इंटरनेटवरच्या परदेशी पाककृती दीड-दोन वर्षांच्या, खाऊन-पिऊन गुबगुबीत केलेल्या जनावराच्या असतात. आपल्याकडे येणारी म्हैस पुष्कळदा वर्षानुवर्षं दूध देऊन थकलेली असते. तिच्या स्नायूंत मायोग्लोबिन हे लाल प्रथिन जास्त, म्हणून रंग गडद. (ताटलीत उतरतं ते लाल पाणी म्हणजे रक्त नव्हे, तेही हेच मायोग्लोबिन.) चरबी पांढरी असण्याचं कारण तर आपल्याला दुधावरून ठाऊकच असतं: चाऱ्यातलं पिवळं कॅरोटिन म्हैस अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, गाय त्यातलं बरंचसं तसंच ठेवते. म्हणून गाईचं तूप पिवळं, म्हशीचं पांढरं, आणि चरबीचंही तसंच.

आता टोपाकडे वळू. मांसाचा तुकडा म्हणजे उसाची मोळी समजा. ऊस म्हणजे स्नायूंचे तंतू, रसानं भरलेले. मोळीचे बंध म्हणजे कोलॅजन, त्या चंदेरी पापुद्र्यांचं मुख्य द्रव्य. उष्णता लागली की हे दोघं अगदी वेगळं वागतात, आणि सगळा घोळ इथंच आहे. पन्नास अंशांच्या आसपास तंतूंमधलं मायोसिन हे प्रथिन गोठायला लागतं आणि तंतू आकसतात. साठ ते पासष्ट अंशांना कोलॅजनचे बंधही आखडतात आणि आधीच आकसलेल्या तंतूंना ओल्या कपड्यासारखं पिळून काढतात. रस बाहेर येतो. शिजताना मांसाचं वजन पाव ते एक तृतीयांशानं घटतं ते यामुळेच.

पुढच्या वेळी मुद्दाम करून पाहा. टोप उकळायला लागल्यावर अर्ध्या तासानं एक फोड काढून चावा. ती सुरुवातीपेक्षा घट्ट लागेल, दातांखाली रबरासारखी परत उसळेल. कडा गोल झालेल्या, फोड लहान झालेली आणि रस्सा पाण्यासारखा पातळ. इथं माणसं घाबरतात आणि गॅस मोठा करतात. तासाभरानं दुसरी फोड काढा: अजून चिवट, पण पापुद्रा आता चंदेरी राहिलेला नाही; काचेसारखा पारदर्शक, जरा सुजलेला दिसतो. अडीच तासांनी तिसरी: चमच्यानं नुसतं दाबलं तरी तंतू वेगळे होतात आणि त्यांच्या मध्ये काहीतरी चिकट, तुकतुकीत साठलेलं असतं. आई म्हणायची, "आधी आवळतं, मग सुटतं." याच क्रमानं होतं सगळं.

जे सुटतं ते काय, हे समजावून सांगण्याचं श्रेय एका भारतीय शास्त्रज्ञाला जातं. मद्रास विद्यापीठातले जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजनची रचना मांडली: एकमेकांभोवती वळलेल्या तीन साखळ्या, म्हणजे चक्क तिपेडी वेणी. या वेणीत प्रत्येक तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत छोटं अमिनो आम्ल असतं, कारण पेड जिथं आत येतो तिथं त्याच्याहून मोठं काही मावतच नाही. इतकी घट्ट वीण म्हणून तर आपले अस्थिबंध आणि कातडी आयुष्यभर ताण सोसतात. सत्तर अंशांच्या वर मात्र ही वेणी हळूहळू उलगडते. सुटलेले पेड पाण्यात मिसळतात आणि पाणी धरून ठेवतात. तेच जिलेटिन. तंतूंमधला रस तर कधीच पिळून गेलेला असतो. नीट शिजलेलं मटण तरीही रसदार लागतं ते या जिलेटिनमुळे. पीठ न लावता रस्सा दाट होतो, ओठ एकमेकांना चिकटतात, तेही त्याचंच काम. छिछडे काढून टाकले तर वेणीच उरत नाही, मग सुटणार काय?

म्हातारं जनावर जास्त वेळ घेतं याचं कारणही याच वेणीत आहे. कोवळ्या वयात वेण्यांना एकमेकींशी जोडणारे टाके कच्चे असतात, उष्णतेनं पटकन उसवतात. वय वाढतं तसे ते पक्के होतात. कोलॅजन वाढतंच असं नाही, पण ते हट्टी होतं. म्हणून थकलेल्या म्हशीच्या नळीला तीन तास लागतात आणि तेवढे द्यावेच लागतात.

गॅस मोठा करून हे तास वाचत नाहीत. समुद्रसपाटीवरच्या मुंबईत पाणी शंभर अंशांना उकळतं; ज्योत कितीही वाढवली तरी रस्सा शंभराच्या वर जात नाही, वाफ तेवढी जास्त होते आणि खळखळाटानं फोडी फुटतात. शंभराच्या वर जायचं तर झाकण घट्ट बसवून दाब वाढवायला हवा. दनी पापँ या फ्रेंच माणसानं १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असं भांडं मांडलं, तेही हाडं मऊ करून दाखवण्यासाठी. आपल्या कुकरच्या पोटात तापमान एकशे वीस अंशांच्या जवळ पोचतं आणि तीन तासांचं काम पाऊण तासात होतं. आठवड्यातल्या दिवशी, कामावरून आल्यावर, नळी किंवा सीना, म्हणजे छातीचा भाग, कुकरलाच लावावा. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण शिट्ट्या मोजू नका. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून घड्याळ पाहा, आणि शिजल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिटी उचलून ती एकदम सोडली तर फोडीच्या आतलं पाणीही भसकन उकळून बाहेर पडतं आणि मटण चोथा होतं. अंडरकटला, म्हणजे कण्याखालच्या मऊ मांसाला, मात्र कुकर दाखवू नका. त्यात बंध नावालाच असतात. त्याचे तंतू उगाच पिळले जातील. पातळ काप, गरम तवा, काही मिनिटं, बस्स.

आता अशी गोष्ट जी घरात फारशी कोणाला ठाऊक नसते, आणि मलाही नुकसान झाल्यावर कळली. एका रविवारी सकाळी सहाला मी मटण आणलं. ताजं, हाताला अजून कोमट. छान धुऊन, छोट्या फोडी करून, पाकिटं भरून लगेच फ्रीजरमध्ये टाकली. पुढच्या रविवारी तीन तास शिजवलं, वर कुकरला लावलं, तरी दोरीसारखं. पाहुणे ताटावर बसले होते आणि मला वाईट वाटलं.

जनावर मेलं तरी स्नायू लगेच मरत नाही. त्यात थोडी ऊर्जा उरलेली असते. ती संपली की तंतू एकमेकांत अडकून ताठ होतात. मोठ्या जनावरात हे पूर्ण व्हायला बारा ते चोवीस तास लागतात. पुढच्या दिवसांत स्नायूतलीच विकरं तंतू जागोजागी कापतात आणि मांस सैल पडतं. थंड देशांत म्हणून जनावराचं धड आठवडा-दोन आठवडे शीतगृहात टांगून ठेवतात. मुंबईत ही चैन नाही. १९७१ पासून शहराचा मोठा कत्तलखाना देवनारला आहे; रात्री कापलेलं पहाटे दुकानात आणि दुपारपर्यंत टोपात. म्हणजे कित्येकदा मांस ताठ होण्याच्या आधी किंवा होत असतानाच आपल्या हातात येतं.

अशा कोमट मांसाला एकदम कडाक्याची थंडी लागली तर काय होतं, हे न्यूझीलंडमध्ये लॉकर आणि हॅगयार्ड यांनी १९६३ मध्ये दाखवलं. हाडापासून सोडवलेले गोवंशाचे ताजे स्नायू गोठणबिंदूच्या जवळ ठेवले तर जवळपास निम्म्यानं आखडले. चौदा ते एकोणीस अंशांत ठेवलेले सर्वांत कमी. थंडीनं पेशीतल्या कॅल्शियमचे साठे रिकामे होतात, स्नायूला वाटतं आकुंचनाचा हुकूम आला, आणि ऊर्जा शिल्लक असल्यानं तो हुकूम पाळतो. मग तसाच ताठ होतो. लाल स्नायूत हे जास्त घडतं, आणि म्हशीचं मांस तर लालातलं लाल. माझ्या छोट्या फोडी फ्रीजरमध्ये नेमक्या अशाच आखडल्या होत्या.

म्हणून मटण हाताला कोमट लागलं तर त्याच सकाळी शिजवायला घ्यावं. ठेवायचंच असेल तर फोडी करू नका. हाडासकट एकच मोठा तुकडा घ्या आणि फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. मोठा तुकडा सावकाश थंड होतो आणि हाडाला धरलेला स्नायू आखडू शकत नाही. दुसऱ्या दिवशी फोडी करा, हवं तर मग गोठवा.

मॅरिनेशनवर लोकांचा विश्वास जरा जास्तच आहे. मसाला रात्रभरात काही मिलिमीटरच आत जातो; खोल शिरतं ते मीठ. कच्च्या पपईतलं पॅपेन हे विकर साठ-सत्तर अंशांना सर्वांत जोरात काम करतं, म्हणजे वाटीत नव्हे तर टोप तापत असताना, आणि तेही पृष्ठभागावर. कबाबाला ठीक, रश्श्यात घातली तर बाहेर लगदा आणि आत चिवट. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक, घरातल्या इंद्याल या आंबट-तिखट रश्श्यातलं व्हिनेगर मला जास्त पटतं. आम्लात कोलॅजन फुगतं आणि लवकर सुटायला तयार होतं.

फोडी आधी तेलात परतायच्या त्या 'रस आत कोंडण्यासाठी' नाही. रस काही कोंडला जात नाही. परतायच्या त्या चवीसाठी. लुई-कामिय मैयार यानं १९१२ मध्ये वर्णन केलेली प्रथिनं आणि साखरेची खमंग क्रिया एकशे चाळीस अंशांच्या आसपास जोर धरते, आणि ओल्या टोपात ते तापमान कधीच येत नाही. म्हणून फोडी पुसून, थोड्या-थोड्या टाकाव्यात. सगळ्या एकदम लोटल्या की पाणी सुटतं आणि त्या नुसत्या वाफवल्या जातात. मग कांदा, मग बाटली मसाला. उन्हाळ्यात कुटून गडद बाटल्यांत ठासून भरलेल्या त्या मसाल्याला मंद आचेवर तेल भेटलं की सगळ्या आळीला कळतं.

उरलेल्या रश्श्याबद्दल मात्र मी कळकळीनं सांगेन. मोठा टोप ओट्यावर रात्रभर झाकून ठेवण्याची सवय धोक्याची आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूचे बीजाणू उकळण्यातूनही वाचतात, आणि टोप चाळीस-पंचेचाळीस अंशांवर रेंगाळला की झपाट्यानं वाढतात. मुंबईच्या उकाड्यात भरलेला टोप तिथं तासन् तास रेंगाळतो. रस्सा पसरट भांड्यांत काढा, दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, खाताना खळखळून उकळा.

सोमवारी सकाळी आई तो डबा उघडायची. वर पांढऱ्या चरबीचा थर, खाली तांबूस, थरथरणारी जेली, चमचा उभा राहील अशी. मे महिन्यात ओट्यावर जरा वेळ राहिली की कडेनं सुटायला लागायची, कारण जिलेटिन तिशी-पस्तिशीतच वितळतं. ती कडेची जेली आम्ही भावंडं फुग्यानं, म्हणजे आमच्याकडच्या तळलेल्या गोल पावानं, टिपून खायचो, रस्सा गरम व्हायच्या आधीच.