'मी केलाच नाही' आणि 'केला, पण एकदाच'

लातूरच्या गंजगोलाईत मामांनी लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधला. पहिल्यांदा क्रेडिट कार्ड घासलं तेव्हा मशीननं नकार दाखवला, म्हणून दुकानदारानं पुन्हा घासलं. स्टेटमेंटमध्ये मात्र 18,400 रुपये दोनदा लागले. मामांनी बँकेला फोन लावला आणि म्हणाले, "माझ्या कार्डावर फसवणूक झालीय." कार्ड लगेच बंद झालं. नंतर तक्रारही फेटाळली गेली, कारण दोन्ही वेळा पिन मामांनीच टाकला होता.

पैसे मामांचेच होते, पण तक्रार चुकीच्या खान्यात पडली.

फसवणूक म्हणजे व्यवहार तुम्ही केलेलाच नाही. इथं घाईच लागते: कार्ड ब्लॉक करा, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची, अशा वेळी मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर एक रुपयाचाही भार येत नाही. हे दिवस बँकेचा मेसेज आल्यापासून मोजतात, स्टेटमेंटची वाट बघत बसलात तर ते हातचे जातात. ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं.

व्यवहार तुमचाच, पण रक्कम दोनदा लागली, जास्त लागली किंवा परतावा आला नाही, तर तो वादाचा व्यवहार. इथं कार्ड बंद करून काही साधत नाही, पुरावा लागतो. आधी दुकानदाराला विचारा, मग बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. बिलाबद्दल हरकत घेतली की 30 दिवसांत खुलासा देणं बँकेला बंधनकारक आहे. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे.

रागानं अख्खं बिल थांबवू नका, ही माझी कळकळीची विनंती. वादात नसलेली रक्कम वेळेत भरा, नाहीतर तिच्यावरही व्याज चढतं. वादातल्या रकमेचं काय करायचं, ते बँकेकडून लेखी घ्या.

मामांकडून दुसरा अर्ज मी लिहून घेतला: "व्यवहार माझाच आहे, पण एकदाच." सोबत पाकिटात दुमडून ठेवलेली ती नकाराची चिठ्ठी जोडली. मशीनच्या चिठ्ठीवरची अक्षरं लवकर उडतात. मामांच्या चिठ्ठीवर तारीख कशीबशी वाचता येत होती. चिठ्ठी हातात पडली की लगेच मोबाइलवर फोटो काढा.