रक्ताची कमतरता (चिनी वैद्यक)

चिनी वैद्यकात याला ‘श्वे-श्यू’ म्हणतात, श्वे म्हणजे रक्त आणि श्यू म्हणजे रितेपणा. आपल्याकडं लोक लगेच अ‍ॅनिमिया समजतात पण ते बरोबर नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल असलं तरी चिनी वैद्य हे निदान करू शकतो, कारण तो आकडा बघत नाही, रक्त अंगाला ओलावा आणि पोषण देतंय का आणि मनाला थारा देतंय का ते बघतो.

त्यामुळं लक्षणंही तशीच. चेहरा निस्तेज पिवळट, ओठ फिके, उभं राहिलं की चक्कर, छातीत धडधड, झोप उथळ आणि स्वप्नांनी भरलेली, पाळी कमी आणि फिकट. केस कोरडे, नखं ठिसूळ, संध्याकाळी डोळ्यांपुढं धूसर, हातापायांना मुंग्या. जीभ फिकट आणि पातळ दिसते, नाडी बोटाखाली दोऱ्यासारखी बारीक लागते.

या शास्त्राप्रमाणं रक्त बनतं ते जेवणातून, म्हणजे प्लीहा आणि जठराच्या कामातून (इथली प्लीहा म्हणजे सगळी पचनशक्तीच, आपली शरीरशास्त्रातली नव्हे). हृदय ते फिरवतं, यकृत साठवतं. म्हणून डोळे-नखं बिघडली तर बोट यकृताकडं, धडधड आणि झोप असेल तर हृदयाकडं. कारणं बहुतेक साधीच, बाळंतपणातला रक्तस्राव, पाळीत जास्त जाणं, अर्धपोटी राहणं, जुनं दुखणं, सतत काळजी.

उपचारातलं मला सगळ्यात पटतं ते हे की नुसतं रक्तवर्धक ओतत बसत नाहीत. ‘स-वू-थांग’ म्हणजे चार वस्तूंचा काढा सोंग राजवटीतल्या सरकारी औषधालयाच्या ग्रंथात आहे, त्यात शू-दीह्वांग, दांगग्वेई, बायशाव आणि छ्वान्शुंग या चार वनस्पती. शू-दीह्वांग हे मूळ पुन्हा पुन्हा वाफवून वाळवतात, शेवटी डांबरासारखं काळं चिकट आणि गोड होतं, पण पचायला जड. म्हणून सोबत रक्त हलतं ठेवणारं छ्वान्शुंग, नाहीतर औषध पोटातच बसून राहतं. तेराव्या शतकातले वैद्य ली तुंगयुआन यांच्या काढ्यात तर ‘ची’ वाढवणारं ह्वांगछी हे मूळ पाच भाग आणि रक्ताचं समजलं जाणारं दांगग्वेई फक्त एक भाग! कारण ‘ची’ म्हणजे प्राणशक्ती वाढली की रक्त आपोआप तयार होतं हा विचार.

खाण्यात लाल खजुरासारखे चिनी बोर, गोजी, काळे तीळ, काळ्या हाडांची कोंबडी. बाळंतिणीला महिनाभर घरात उबेत ठेवून आलं आणि तांबडी साखर देतात, आपल्या सव्वा महिन्याची आणि डिंक-अळिवाच्या लाडवांची आठवण येतेच. गाढवाच्या कातड्याचा डिंक ‘अ-च्याव’ही नावाजलेला, पण त्याच्या मागणीपायी आफ्रिकेतली गाढवं इतकी घटायला लागली की आफ्रिकन युनियननं 2024 मध्ये कातड्यासाठी गाढवं मारण्यावर 15 वर्षांची बंदी घातली. मला तरी तो घेऊ नये असंच वाटतं.

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचतात त्या गुडघ्याखालच्या ‘झूसानली’ आणि घोट्याच्या वरच्या ‘सानयिनच्याव’ बिंदूंवर, बऱ्याचदा दवण्याच्या जातीतल्या वनस्पतीचा शेक देऊन.

आता महत्त्वाचं. थकवा-चक्कर असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) तपासा, हिमोग्लोबिन बायकांत 12 ग्रॅमच्या खाली (गरोदर नसताना) आणि पुरुषांत 13 च्या खाली अ‍ॅनिमिया धरतात, आणि रक्त कुठून जातंय ते शोधावंच लागतं, काढ्यानं ते थांबत नाही. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर दांगग्वेई नकोच, रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये.