जिम हॅकरची रोजनिशी: एका काल्पनिक मंत्र्याच्या पुस्तकामागची खरी डायरी

मालिका गाजली की तिच्यातल्या पात्राच्या नावावर पुस्तक निघतं. चार फोटो, लोकांच्या तोंडी बसलेली वाक्यं, वर चकचकीत मुखपृष्ठ. मालिका विस्मरणात गेली की पुस्तकही रद्दीच्या गठ्ठ्यात दिसू लागतं. बीबीसीच्या ‘येस मिनिस्टर’ या मंत्री आणि सचिवांवरच्या विनोदी मालिकेच्या पुस्तकाचं तसं झालं नाही. मालिकेचा एकही भाग न पाहिलेला वाचकसुद्धा ते पहिल्या पानापासून हातात धरतो, कारण ते वाक्यांचं संकलन नाही. जिम हॅकर नावाच्या मंत्र्याची ती रोजनिशी आहे. सत्ता, लोक, बायको, वर्तमानपत्रं, स्वतःची हुशारी, या सगळ्याबद्दल त्याला मनातून काय वाटतं ते त्यात आहे. आणि या खोट्या रोजनिशीच्या मागे एक खरी रोजनिशी उभी आहे.

ती रिचर्ड क्रॉसमन यांची. ऑक्सफर्डमध्ये शिकवलेला, राज्यशास्त्राचा गाढा अभ्यास असलेला हा माणूस १९६४ मध्ये हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारात गृहनिर्माण मंत्री झाला. सरकार आतून कसं चालतं ते लोकांना कळलं पाहिजे, या हेतूनं त्यांनी मंत्रिपदाच्या काळातली रोजनिशी टेपवर बोलून ठेवली. पहिल्याच आठवड्यातली नोंद वाचण्यासारखी आहे. मंत्र्याची खोली त्यांना वेड्यांच्या इस्पितळातल्या, भिंतींना गाद्या ठोकलेल्या खोलीसारखी वाटते. बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला, आणि भोवती सेवेला तत्पर माणसं. फरक इतकाच, की ही माणसं अतिशय अदबीनं वागतात. ‘येस मिनिस्टर, नो मिनिस्टर, इफ यू विश इट मिनिस्टर’. मालिकेच्या नावाचे शब्द इथलेच आहेत.

त्याच नोंदीत टेबलावरच्या दोन ट्रेंचा उल्लेख येतो, आणि मला तो सगळ्यात बोलका वाटतो. आलेला कागद नकोसा झाला तर त्यावर काहीही न लिहिता तो जाणाऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये ठेवायचा, एवढंच क्रॉसमनना करायचं होतं. पुढचं खाजगी सचिव पाहून घेणार. तो कागद मंत्र्याच्या नजरेला पुन्हा कधीच पडणार नाही. नस्तीवर शेरा न मारता ती परत पाठवली की काय होतं, हे आपल्याकडे मंत्रालयात काम केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको.

क्रॉसमन एप्रिल १९७४ मध्ये गेले. त्यांची रोजनिशी छापायची वेळ आली तेव्हा सरकारनं ॲटर्नी जनरल या आपल्या मुख्य कायदा अधिकाऱ्यामार्फत न्यायालयात धाव घेतली. मंत्रिमंडळातली चर्चा गोपनीय असते, ती अशी चव्हाट्यावर आणता येणार नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. ऑक्टोबर १९७५ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड विजरी यांनी निकाल दिला. अशी गोपनीयता न्यायालय जपू शकतं, हे तत्त्व त्यांनी मान्य केलं. पण या घटनांना आता दहाएक वर्षं उलटली आहेत, म्हणून पहिला खंड रोखण्याचं कारण उरलेलं नाही, असं ठरवलं. खंड प्रसिद्ध झाला, पाठोपाठ आणखी दोन आले. मंत्री आणि सचिव बंद दाराआड एकमेकांशी कसं वागतात, हे ब्रिटिश वाचकांनी इतक्या तपशिलात पहिल्यांदाच वाचलं.

मालिकेचे लेखक दोन, अँटनी जे आणि जोनाथन लिन. अँटनी जे पूर्वी बीबीसीत होते, जोनाथन लिन नट आणि दिग्दर्शक. जे यांच्या डोक्यात हा विषय आणखी एका घटनेनं बसला होता. टिमथी एव्हान्स या तरुणाला १९५० मध्ये फाशी झाली आणि पुढे तो निर्दोष असल्याची खात्री अनेकांना पटली. विरोधी पक्षात असताना फ्रँक सोस्किस यांनी या प्रकरणाच्या फेरचौकशीची मागणी लावून धरली होती. तेच सोस्किस गृहमंत्री झाले आणि हीच मागणी समोर आल्यावर आधी त्यांनीच नकार दिला. माणूस तोच, फक्त खुर्ची बदललेली. मधल्या काळात त्या खात्यात त्याच्याशी कोण काय बोललं असेल? मालिकेचं बीज या प्रश्नात आहे.

पहिला भाग १९७९ च्या सुरुवातीलाच चित्रित झाला होता, पण निवडणूक तोंडावर होती म्हणून बीबीसीनं तो थांबवून ठेवला. २५ फेब्रुवारी १९८० ला तो दिसला. हॅकर झाले पॉल एडिंग्टन, सचिव सर हम्फ्री झाले नायजेल हॉथॉर्न आणि दोघांच्या मध्ये सापडलेला खाजगी सचिव बर्नार्ड म्हणजे डेरेक फोल्ड्स. पुढे हॅकर पंतप्रधान होतो. ‘येस प्राइम मिनिस्टर’ धरून १९८८ पर्यंत एकूण ३८ भाग झाले. हॅकरचा पक्ष कोणता, हे लेखकांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

पुस्तकं १९८१ पासून येऊ लागली, तीही याच दोघांच्या हातची. संहिता जशीच्या तशी छापणं सोपं होतं. त्यांनी ते केलं नाही. मालिका ज्या साच्यातून निघाली होती त्याच साच्यात त्यांनी ती परत ओतली: एका कॅबिनेट मंत्र्याची रोजनिशी, कॅसेटवर बोलून ठेवलेली, क्रॉसमनसारखीच. पुस्तकाचं नावही क्रॉसमनच्या खंडांच्या नावावर बेतलेलं. जे आणि लिन स्वतःला लेखक म्हणवत नाहीत, संपादक म्हणवतात. तेही भविष्यकाळातले संपादक, ऑक्सफर्डच्या हॅकर कॉलेजात बसून जुन्या कॅसेट ऐकणारे. ब्रिटनमध्ये तेव्हा सरकारी कागद ३० वर्षांनी खुले होत असत. त्यामुळे सर हम्फ्रींची खाजगी टिपणं आणि सचिवांची आपसातली पत्रं या संपादकांच्या हाती लागणं वाचकाला पटतं.

ही युक्ती एका अडचणीतून सुचली असावी. पडद्यावर हॅकर नसलेले कितीतरी प्रसंग आहेत. क्लबात दोन सचिव निवांत बसून मंत्र्याचं काय करायचं ते ठरवतात. हे हॅकर रोजनिशीत लिहिणार कसं? म्हणून मधेच हम्फ्रींचं टिपण येतं, एखादं हस्ताक्षरातलं पत्र जसंच्या तसं छापलेलं दिसतं, किंवा म्हातारा झालेला सर बर्नार्ड आठवणी सांगतो. एकच बैठक मंत्र्याच्या लेखी मोठा विजय असते आणि पुढच्या पानावर सचिवाच्या टिपणात तिचा मागमूसही नसतो. संपादक प्रस्तावनेतच सांगून ठेवतात, की हॅकरच्या नोंदींत काय घडलं, काय घडलं असं त्याला वाटलं, काय घडायला हवं होतं, काय घडलं असं लोकांना वाटावं आणि काय घडलं असं त्याला वाटतं असं लोकांना वाटावं, यांची सरमिसळ आहे. आपली रोजची रोजनिशी कुणीही उघडून पाहावी, याहून वेगळं काही सापडणार नाही.

रिकाम्या इस्पितळाचं प्रकरण यासाठी मुद्दाम वाचावं. इमारत तयार, पाचशेच्या आसपास कर्मचारी कामावर, आणि रुग्ण एकही नाही. इस्पितळ चालवणाऱ्या बाई अभिमानानं सांगतात, की देशातल्या उत्तम चालवलेल्या इस्पितळांत आमची गणना होते. पडद्यावर हॅकरचा चेहरा पाहून हसू फुटतं. पुस्तकात मात्र तो एकटाच हे सगळं स्वतःला समजावून घेत असतो आणि त्याला ते समजत नाही. तिथं मला हसण्याआधी त्या माणसाची कणव आली. ही कणव पुस्तकानं मिळवलेली आहे, ती पडद्यावरून उसनी आलेली नाही.

मराठीत ‘रोजनिशी’ या शब्दाचा प्रवास नेमका उलटा आहे. पेशवाईत रोजनिशी, रोजकीर्द लिहायची ती फडावरच्या कारकुनांनी. कुणाला काय दिलं, कोणता हुकूम सुटला, याची दिवसवार नोंद. मनातलं काही त्यात नसे. म्हणजे आपल्याकडे मुळात लेखणी हम्फ्रीच्याच हातात होती.

२००१ मध्ये स्टार प्लसवर हीच मालिका ‘जी मंत्रीजी’ होऊन आली. मंत्री सूर्यप्रकाश सिंह झाले फारूख शेख, सचिव झाले जयंत कृपलानी. त्या सूर्यप्रकाशजींच्या रोजनिशीचंही पुस्तक निघालं, कारण एव्हाना रोजनिशी हा त्या मालिकेचाच अवयव झाला होता.

योगायोगानं त्याच सुमारास अल्फा मराठीवर एक रोजनिशी घराघरांत पोचली. दिलीप प्रभावळकरांनी ‘लोकसत्ता’त ‘अनुदिनी’ हे सदर लिहिलं होतं, टिपऱ्यांच्या घरातलं. त्याचं पुस्तक झालं आणि केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली त्यातून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ उभी राहिली. इथं वाट कागदाकडून पडद्याकडे गेली. पण पडद्यावर जाऊनही रोजनिशी सुटली नाही. करुणाष्टकातल्या ‘अनुदिनि अनुतापे’पासून मराठी कानांना ओळखीचा असलेला हा शब्द प्रभावळकरांनी डायरीसाठी वापरला आणि तो रूढ झाला. घरात दिवसभर काहीही घडो, शेखर-श्यामलाचं वाजो, शिऱ्या काही उद्योग करून ठेवो, भागाच्या शेवटी घरातले आजोबा, आबा टिपरे, वही उघडून लिहायला बसत.